लेकींचा बाप

आमच्या घरात 'रेस' हा शब्द नेहमी दारूच्या जोडीने यायचा. अमक्यांचा वाडा कशाने गेला? दारूने आणि रेसने. त्यामुळे पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी बाबा कॅम्पात 'एका मित्राकडे' जात. मित्राला चार पाय आहेत हे आईला ठाऊक होतं, आणि आईला ठाऊक आहे हे बाबांना. दहा-वीस रुपयांपलीकडे त्यांनी कधी लावले नाहीत. लागले तर येताना क्रीमरोल, नाही लागले तर 'पाऊस फार होता' एवढंच.

त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात जुनी रेसबुकं असत, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. त्यांच्याखाली 'टाइम' साप्ताहिकाचा एक अंक, जून १९७३चा. रद्दीवाल्याकडून घेतलेला. मुखपृष्ठावर एका तांबड्या घोड्याचा चेहरा. मीही त्याच वर्षीची. श्रावणात जन्मले, ताईनंतरची दुसरी. आत्या दवाखान्यात बघायला आली आणि दारातूनच म्हणाली, "पुन्हा मुलगीच?" त्यावर बाबा म्हणाले होते, "पागा घोडीवर चालते, आक्का." आत्या दोन महिने आमच्याकडे फिरकली नाही. हे वाक्य त्यांनी नुसतं तिला गप्प करायला टाकलं असेल, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

गेल्या वर्षी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचायची बंदी. पंधरा दिवस मी त्यांना पेपर वाचून दाखवला, तो संपला की खणातलं जे हाताला लागेल ते. एके दुपारी तो अंक निघाला. आतला लेख वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बरं, पुढचं बघ आता. तुझ्या त्या फोनमध्ये असेल. त्याच्या मुलींचं काय झालं ते बघ." मुलांचं नव्हे, मुलींचं. त्या एका प्रश्नामुळे मी वर्षभर एका मेलेल्या घोड्याच्या नादी लागले आहे. त्याचं नाव सेक्रेटरिएट.

नावापासूनच गंमत आहे. आधी सुचवलेली बरीच नावं नोंदणीत नापास झाली, तेव्हा पागेचा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या एलिझाबेथ हॅम यांनी हे नाव पाठवलं आणि ते पास झालं. मराठीत सांगायचं तर सचिवालय. मुंबईत आज ज्याला मंत्रालय म्हणतात त्या इमारतीचं नाव १९७५ पर्यंत हेच होतं. आई तर आजही म्हणते, "तुमचं ते सचिवालय." त्या नावाची कुठलीही गोष्ट इतक्या वेगाने हलू शकते यावर तिचा विश्वास नाही.

व्हर्जिनिया राज्यात डॉसवेल गावाजवळ 'द मेडो' नावाची पागा होती. मालक ख्रिस्टोफर चेनरी. ते आजारी पडून दवाखान्यात गेले तेव्हा पागा तोट्यात होती आणि विकून मोकळं व्हावं असा घरातला सूर होता. धाकटी मुलगी पेनी तेव्हा डेन्व्हरला संसार करत होती, चार मुलांची आई होती. तिने विकू दिलं नाही. वडिलांचा कारभार हातात घेतला, पुढे लुसियन लॉरिन नावाचा कॅनडाचा फ्रेंच भाषक ट्रेनर नेमला. म्हणजे घोडा जन्माला यायच्या आधीच या गोष्टीत एक लेक बापाचं घर सावरून बसलेली आहे.

पुढचा भाग नाणेफेकीचा. त्या काळी अमेरिकेत पैदाशीच्या घोड्यांमध्ये बोल्ड रूलरचं नाव सगळ्यात वर होतं, आठ वेळा तो सायर्सच्या, म्हणजे बाप घोड्यांच्या, यादीत पहिला आला. त्याचे मालक, फिप्स कुटुंब, रोख फी घेण्याऐवजी वाटणी करत. चेनरींनी दोन वर्षं दोन-दोन घोड्या पाठवायच्या, होतील ती शिंगरं वाटून घ्यायची. नाणेफेक जिंकणारा पहिल्या वर्षीच्या शिंगरांतलं आधी निवडणार, हरणारा दुसऱ्या वर्षीच्या. पण दुसऱ्या वर्षी एक घोडी गाभण राहिलीच नाही. आता हिशेब असा झाला की जिंकणाऱ्याला एकूण एकच शिंगरू आणि हरणाऱ्याला दोन. १९६९ साली नाणं उडालं तेव्हा दोघांनाही हरायचं होतं म्हणतात. ऑग्डन फिप्स जिंकले. त्यांनी समथिंगरॉयल या घोडीची त्या वर्षीची मादी उचलली. तिचं नाव पडलं 'द ब्राइड'. ती चार शर्यती धावली आणि एकदाही पहिल्या तिघांत आली नाही. पेनींच्या वाट्याला एक नर आला, आणि समथिंगरॉयलच्या पोटातलं दुसरं शिंगरू. ते ३० मार्च १९७० रोजी मध्यरात्री बारा वाजून दहा मिनिटांनी जन्मलं. तांबडा रंग, कपाळावर चांदणी, तीन पाय खाली पांढरे.

आता घराणं. बाबा रेसबुकात आधी घोड्याचे आई-बाप वाचतात, जॉकी कोण ते नंतर. स्थळ बघताना आमच्याकडची म्हातारी माणसं पगाराआधी 'आजोळ कुठलं?' विचारायची, तसं. सेक्रेटरिएटचा बाप बोल्ड रूलर, आणि बोल्ड रूलरचा बाप नसरुल्ला. इथे पुणेकराने कान टवकारावेत. नसरुल्लाची पैदास तिसऱ्या आगाखानांची, म्हणजे येरवड्याचा आगाखान पॅलेस ज्यांनी १८९२ साली बांधला त्यांचीच. नसरुल्लाची आई मुमताज बेगम, तिची आई मुमताज महल. ही मुमताज महल करड्या रंगाची, इंग्लंडमध्ये विजेसारखी पळालेली घोडी. आगाखानांसाठी ती १९२२ साली डॉनकास्टरच्या लिलावात ९,१०० गिनींना घेतली होती. कस्तुरबांची समाधी ज्या आवारात आहे तिथे शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा हे कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही नाही. पण त्या घरमालकाच्या घोडीचा खापरपणतू न्यूयॉर्कमध्ये काय करून गेला हे कळल्यापासून नगर रस्त्याने जाताना माझी नजर त्या कमानींकडे वेगळी जाते.

बापाकडून वेग आला. पण बोल्ड रूलरच्या पोरांबद्दल एक कुरकुर कायम असे: मैलभर वाऱ्यासारखी जातात, पुढे दम संपतो. केंटकी डर्बी सव्वा मैलाची, बेलमाँट दीड मैलाची. तिथे बापाचं नाव कामाला येत नाही. दम आला तो आजोळाहून. समथिंगरॉयलचा बाप प्रिन्सक्विलो. त्याची आई फ्रान्समध्ये गाभण राहिली, तो आयर्लंडमध्ये जन्मला आणि दुसरं महायुद्ध चालू असताना बोटीने अमेरिकेत पोचला. सुरुवातीला तर ज्या शर्यतीत कुणीही ठरलेली किंमत देऊन घोडा घेऊन जाऊ शकतो, तसल्या हलक्या शर्यतीत त्याला उतरवलं होतं. पण अंतर वाढलं की तो खुलायचा, आणि पुढे त्याच्या लेकींच्या पोटी मोठमोठे घोडे जन्मले. खाण तशी माती म्हणतात ते असं.

शर्यतींचं सगळं सांगत बसत नाही. ४ जुलै १९७२ला पहिली शर्यत, सुटतानाच धक्का बसला आणि चौथा आला. त्याहून खाली तो पुन्हा कधीच गेला नाही. एकूण २१ शर्यती, १६ विजय, तीनदा दुसरा, एकदा तिसरा, एकदा तो चौथा. दोन वर्षांचा असतानाच त्याला वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरवलं गेलं. जानेवारी १९७३ मध्ये म्हातारे चेनरी गेले. वारसा कराचा डोंगर उभा राहिला, तेव्हा केंटकीतल्या क्लेबर्न फार्म या पागेचा सेथ हॅन्कॉक, वय वर्षं २३, स्वतःचा बाप काही महिन्यांपूर्वीच गमावलेला, याने फोनवर फोन करून घोड्याच्या पैदाशीचे ३२ वाटे विकले. एकेक वाटा १,९०,००० डॉलरचा. बेरीज ६० लाख ८० हजार. तोवर कुठल्याही घोड्याला एवढी किंमत आली नव्हती, आणि याने तीन वर्षांचा झाल्यावर अजून एकही शर्यत धावलेली नव्हती.

मग वुड मेमोरियल शर्यतीत हा बहाद्दर तिसरा आला. तोंडात गळू झालं होतं. बत्तीस जणांच्या पोटात गोळा आला असेल.

दोन आठवड्यांनी, ५ मे १९७३ला, केंटकी डर्बी. सव्वा मैल, म्हणजे पाच पाव-मैल. घोडा साधारण सुरुवातीला जोरात जातो आणि शेवटी उरलेला दम पुरवून वापरतो, माणसासारखाच. याचे पाच तुकडे सेकंदांत असे: २५.२, २४, २३.८, २३.४, २३. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा जलद. शेवटच्या रेषेजवळ त्याचा वेग अजून वाढतच होता. एक मिनिट ५९.४ सेकंद, डर्बीचा तो विक्रम आजही तसाच आहे. हे आकडे मी बाबांना वाचून दाखवले तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले बाबा म्हणाले, "परत वाच." परत वाचले. मग त्यांनी ते पाठ म्हणून दाखवले, पाढ्यासारखे.

दुसरा आला शॅम. या शॅमबद्दल थांबून बोललं पाहिजे, कारण कुणी बोलत नाही. स्टार्टिंग गेटवर आपटून त्याचे दोन दात गेले, तोंडात रक्त घेऊन तो धावला आणि अडीच लेन्थने, म्हणजे अडीच घोड्यांच्या लांबीने, हरला. ज्या वेळात तो हरला त्या वेळात एरवी बहुतेक वर्षांची डर्बी जिंकली गेली असती. पुढच्या प्रिकनेस शर्यतीत पुन्हा दुसरा, पुन्हा अडीच लेन्थ. आणि त्याच्या घराण्यात पाहिलं तर त्याच्या आईचा बाप कोण? प्रिन्सक्विलो. दोघं एकाच आजोळचे. दुसऱ्या कुठल्याही साली जन्मला असता तर त्याचे पुतळे झाले असते.

९ जून, बेलमाँट पार्क, न्यूयॉर्क. फक्त पाच घोडे. एकाच वर्षी डर्बी, प्रिकनेस आणि बेलमाँट जिंकणं हा तिहेरी मुकुट. १९४८ नंतर, म्हणजे पंचवीस वर्षं, तो कुणाला मिळालेला नव्हता. हा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब नाही. सुटल्यासुटल्या सेक्रेटरिएट आणि शॅम दोघंच पुढे निघतात, दीड मैलाच्या शर्यतीत अर्ध्या मैलाची असावी तशी गती. पाहणाऱ्या जाणकारांना वाटलं, दोघंही मरणार. पलीकडच्या सरळीवर शॅम मागे सरकू लागतो. सरकता सरकता चित्रातून जातो, शेवटी तो पाचव्या म्हणजे शेवटच्या नंबरवर आला. आणि हा एकटाच उरतो. कॅमेरा मागचे घोडे दाखवायला मागे मागे जातो, तरी ते चौकटीत मावत नाहीत. जॉकी रॉन टरकॉट चाबूक वापरत नाही, नुसता बसलेला आहे. शेवटच्या काही यार्डांत तो मान डावीकडे वळवून वेळेचा फलक बघतो. तो क्षण पकडलेला फोटो बाबांच्या अंकात नाही, कारण अंक आधी निघाला होता. मी तो छापून आणला आणि त्यांच्या खणात ठेवला.

३१ लेन्थ. जवळपास पाऊणशे मीटर. दोन मिनिटं २४ सेकंद. मातीच्या ट्रॅकवर दीड मैल याहून जलद कुणी धावलेलं नाही, पन्नास वर्षं उलटून गेली तरी. दोन डॉलरच्या तिकिटावर दोन डॉलर वीस सेंट मिळत होते, आणि ५,६१७ जिंकलेली तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत. वीस सेंट घेऊन काय करणार, तिकीटच ठेवलं. बाबांच्या मते रेसकोर्सवर माणसाने केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम.

आणि मग ऑगस्टमध्ये साराटोगाला तो हरला. कुणाकडून? घोड्याचं नाव ऑनियन. कांदा! कांद्याने आपल्याकडे सरकारं पाडली आहेत, तिथे घोड्याची काय कथा. थोड्या दिवसांनी प्रूव्ह आउट नावाच्या घोड्याने पुन्हा हरवलं. दोन्ही घोड्यांचा ट्रेनर एकच, ॲलन जर्कन्स. मधल्या काळात सेक्रेटरिएटने नऊ फर्लांगांचा जागतिक विक्रम केला, नंतर हिरवळीवरही जिंकला. २८ ऑक्टोबरला टोरोंटोच्या वुडबाइनवर थंडी-पावसात साडेसहा लेन्थने शेवटची शर्यत जिंकून तो थांबला. करारच तसा होता: तीन वर्षांचा असतानाचा मोसम संपला की पागेत. त्याचा मोतद्दार एडी स्वेट, दक्षिण कॅरोलिनाचा कृष्णवर्णीय माणूस, विमानातून त्याला केंटकीला पोचवायला गेला. रोज घोड्याशी बोलणारा हा माणूस. केंटकी हॉर्स पार्कमधल्या कांस्याच्या शिल्पात सेक्रेटरिएटचा लगाम धरून तोच उभा आहे. पुतळ्यात मालक नाहीत, मोतद्दार आहे. मला ते आवडलं.

आता खरी गोष्ट.

थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातिवंत घोड्यांच्या जगात कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष भेटले पाहिजेत, नाहीतर शिंगराची नोंदणी होत नाही. घोडी अकरा महिने गाभण राहते, वर्षाला एक शिंगरू. घोडा मात्र एका मोसमात कितीतरी घोड्यांना भेटतो. त्यामुळे सगळा पैसा, सगळी जाहिरात आणि सगळी भाषा बापाची. अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू. आज जगातले बहुतेक थरोब्रेड सरळ बापाच्या रेघेने मागे नेले तर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आणलेल्या डार्ली अरेबियन या एका घोड्यापाशी पोचतात. सातबारा आणि घराण्याचा दिवा, आपल्यासारखंच.

सेक्रेटरिएटकडून लोकांना दुसरा सेक्रेटरिएट हवा होता. १९७६ साली त्याचा 'कॅनेडियन बाउंड' नावाचा एक वर्षाचा मुलगा लिलावात १५ लाख डॉलरला गेला. एवढ्या वयाच्या घोड्याला दहा लाखांवर बोली लागण्याची ती पहिलीच वेळ. तो चार शर्यती धावला, एकही जिंकला नाही. मग सुरू झालं: बापाचं नाव बुडवलं, पोरांत तेज नाही, घोडा पैदाशीला नापास.

हे पूर्ण खरं नव्हतं. साडेसहाशेच्या वर शिंगरं झाली, त्यांतली पन्नासहून जास्त स्टेक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या शर्यती, जिंकली. जनरल असेंब्लीने १९७९ साली ट्रॅव्हर्स स्टेक्स दोन मिनिटांत जिंकली, तो विक्रम ३७ वर्षं टिकला. रायझन स्टारने १९८८ साली प्रिकनेस आणि बेलमाँट जिंकल्या, बेलमाँट पावणेपंधरा लेन्थने. किंग्स्टन रूलने १९९० चा मेलबर्न कप विक्रमी वेळेत मारला. पण या मुलांना पुढे त्यांच्यासारखे मुलगे झाले नाहीत. बापाकडून मुलगा, मुलाकडून नातू अशी सेक्रेटरिएटची रेघ आज जवळजवळ पुसली गेली आहे. आत्याच्या हिशेबाने वंश बुडाला.

लेकींकडे बघायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

टर्लिंग्वा ही तांबडी, तापट, छोट्या अंतराची घोडी. १९७८ साली तिने नरांना हरवून हॉलिवूड जुव्हेनाइल जिंकली. बापासारखा दम तिच्यात नव्हता. तिच्या पोटी स्टॉर्म कॅट जन्मला. स्वतः तो फार मोठा धावपटू नव्हता, त्याची फी सुरुवातीला घसरली होती. मग पोरं जिंकू लागली आणि ती फी एका भेटीला पाच लाख डॉलर झाली. वीकेंड सरप्राइझला दोन मुलगे: समर स्क्वॉल, १९९० चा प्रिकनेस विजेता, आणि ए. पी. इंडी, १९९२ चा बेलमाँट विजेता. सिक्स क्राउन्सला चीफ्स क्राउन झाला. बेट्टीज सीक्रेट अटलांटिकपलीकडे पोचली. तिचा एक मुलगा सेक्रेटो १९८४ साली इंग्लंडची एप्सम डर्बी जिंकला, दुसरा इस्ताब्राक अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला आणि सलग तीन वर्षं, १९९८ ते २०००, चॅम्पियन हर्डल घेऊन गेला. एकाच आईचे हे दोघे, एक सपाटीवरचा राजा आणि एक उड्या मारणारा.

ए. पी. इंडीचं घराणं वाचताना मला हसू आलं. त्याचा बाप सिअॅटल स्लू, तोही तिहेरी मुकुटवाला, १९७७ चा. आणि स्लू हा बोल्ड रूलरच्या नातवाचा मुलगा. म्हणजे आईच्या बाजूनेही बोल्ड रूलर, बापाच्या बाजूनेही बोल्ड रूलर. मामाच्या मुलीशी लग्न करण्यासारखंच की. आमच्या गावाकडे अजून चालतं, आणि तिथले म्हातारे कारणही हेच देतात: घरातलं घरात राहतं.

घोडेवाल्यांना आजोळाचं महत्त्व माहीत नव्हतं असं नाही. आईकडच्या आजोबाला ते ब्रूडमेअर सायर म्हणतात, त्यांची दरवर्षी वेगळी क्रमवारी लागते. १९९२ साली अमेरिकेत त्या यादीत पहिला सेक्रेटरिएट होता. तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

एक गोष्ट मात्र माझ्या या सुबक हिशेबात बसत नाही, आणि ती लपवणं बरं नव्हे. त्याची सगळ्यात गाजलेली लेक लेडीज सीक्रेट. लहानखुरी, करडी, आईच्या रंगावर गेलेली. ४५ शर्यती, २५ विजय, १९८६ ची सर्वोत्तम घोडा. नरांमादींत मिळून सर्वोत्तम. तिच्या पोटी मात्र तिच्या तोडीचं काही झालं नाही. ज्यांचं नाव शर्यतीत फारसं कुणी घेतलं नव्हतं अशा बहिणींनी घराणं चालवलं. मी हे वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, "मग काय झालं? ती धावली ना?" ते बरोबरच होतं. घोडी म्हणजे नुसती खाण नव्हे, हे मला ऐंशी पार केलेल्या माणसाकडून ऐकावं लागलं.

१९७८ नंतर ३७ वर्षांनी, २०१५ साली, अमेरिकन फॅरोने तिहेरी मुकुट जिंकला. त्याच्या आईचा आजोबा स्टॉर्म कॅट. २०१८ मध्ये जस्टिफायने जिंकला. त्याच्या बापाच्या बाजूला चार पिढ्या मागे स्टॉर्म कॅट. दोघांच्याही कागदावर टर्लिंग्वा आहे, आणि तिच्या पलीकडे तो.

सप्टेंबर १९८९ मध्ये त्याला लॅमिनायटिस झाल्याचं निदान झालं. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो, मग तुटू लागतो. पाच मणांहून कितीतरी जड जनावर स्वतःच्याच पायांवर उभं राहू शकत नाही. ४ ऑक्टोबरला त्याला शांतपणे मारलं. वय १९. केंटकी विद्यापीठाच्या डॉ. थॉमस स्वेर्झेक यांनी शवविच्छेदन केलं. त्यांनी हृदय बाहेर काढलं आणि बघत राहिले. वजन केलं नाही, अंदाज केला: बावीस पौंड, दहा किलो. साधारण घोड्याचं याच्या निम्म्याहून कमी. रोग नाही, सूज नाही, सगळे कप्पे प्रमाणात, फक्त मोठं. पुढे शॅमही गेला, त्याचं हृदय मात्र त्यांनी तोललं, अठरा पौंड भरलं. पुन्हा तेच आजोळ.

यावरून एक तर्क निघाला. मोठ्या हृदयाचा गुण एक्स गुणसूत्रावर असेल तर घोडा आपला एक्स फक्त लेकींना देतो, मुलांना वाय. आणि त्याला स्वतःला तो एक्स आईकडूनच आलेला असतो. म्हणजे प्रिन्सक्विलोकडून समथिंगरॉयल, तिच्याकडून हा, याच्याकडून टर्लिंग्वा आणि वीकेंड सरप्राइझ, मुलांना वगळून. इतका बेतशीर बसतो की मला लगेच पटला, आणि म्हणूनच थोडा संशयही आला. हृदयाचा आकार असा एका जनुकावर ठरतो हे कुणी सिद्ध केलेलं नाही. बाबांना मी दोन्ही सांगितलं. त्यांनी अर्धं लक्षात ठेवलं.

त्याला क्लेबर्नला अख्खा पुरला. मोठ्या घोड्यांचं सहसा डोकं, हृदय आणि खूर पुरतात, अख्ख्या देहाचा मान क्वचित कुणाला.

राहता राहिली एक लेक, सीक्रेटेम. तिला गॉन वेस्ट झाला, तो स्वतः मोठा सायर निघाला. आणि नॉर्दर्न डान्सरपासून रझीन झाला. १९९० च्या एप्सम डर्बीत रझीन फेव्हरिट होता, हेन्री सेसिलसारखा ट्रेनर, आणि तो साफ मागे पडला. मग इकडे आला, हरियाणातल्या उषा स्टडमध्ये. पैदाशीला मात्र असा उतरला की भारतातल्या सायर्सच्या यादीत पुन्हा पुन्हा पहिला. त्याची पोरं महालक्ष्मीला धावली, बंगळूरला धावली, आमच्या कॅम्पातल्या रेसकोर्सवर धावली. बाबांच्या जुन्या रेसबुकांत ते नाव जागोजाग आहे, पेन्सिलीने अधोरेखित. ते अधोरेखित का आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

या जुलैत मी त्यांना घेऊन गेले. आईला खरं सांगून. पाऊस रिपरिप होता, पॅडॉकच्या कठड्याला टेकून बाबा रेसबुक नाकाशी धरून वाचत होते, नव्या डोळ्यांनी. चौथ्या शर्यतीत सात नंबरवर बोट ठेवलं. "बघ गं याचं." मी फोनवर घराणं काढलं. आईच्या आईचा बाप रझीन. रझीनची आई सीक्रेटेम. मी स्क्रीन त्यांच्यासमोर धरली आणि बोटाने एकेक घर मागे नेत गेले. शेवटच्या घराशी थांबले.

"सगळं आईकडून," बाबा म्हणाले. आणि खिशातून शंभराची नोट काढली. आयुष्यात पहिल्यांदा शंभर.

सात नंबर सरळीला लागेपर्यंत दुसरा होता. मग चिखलात कुठेसा रेंगाळला आणि नववा आला. टरकॉटने पाहिला तसा फलक बघायची वेळ त्याच्या जॉकीवर आली नाही.

घरी पोचलो तर दारात आई. "लागला का तुमचा मित्र?"

"नाही," चप्पल काढत बाबा म्हणाले. "पण स्थळ चांगलं होतं."